१५ नोव्हेंबरच्या अलीकडे-पलीकडे

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ. कॅनडातल्या किचनरमध्ये उणे चौदा. रात्रभर पडलेला बर्फ ड्राइव्हवेवर तसाच साचलेला, आणि आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोह्यांच्या दोन बशांच्या मध्ये दोन घरांचे कागद.

पहिलं घर १९७४ साली बांधलेल्या सात मजली इमारतीतलं. वन बेडरूम, महिना १,७०० डॉलर, हीटिंग आणि पाणी भाड्यातच. जमीन लाकडी आणि चांगली, पण स्वयंपाकघरातली कपाटं दोन-तीनदा रंग फासलेली, आणि कपडे धुवायचे तर टोपली घेऊन तळघरात उतरायचं. दुसरं घर आयॉन या इथल्या ट्रामच्या रुळांना लागून, २०२३ मध्ये उभ्या राहिलेल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर. महिना १,८००. डिशवॉशर, वॉशर-ड्रायर घरातच, खाली जिम, आणि वर्षाची लीज केली तर दोन महिने फुकट.

टेबलाच्या एका बाजूला आत्या. १९९८ साली सांगलीहून इथे आलेली, विमा कंपनीच्या हिशेब खात्यात पंचवीस वर्षं काढून निवृत्त झालेली, आणि २००५ पासून राहत्या घराचं बेसमेंट भाड्याने देणारी. दुसऱ्या बाजूला भाची. २०२२ मध्ये कॉलेजसाठी आली, आता वर्क परमिटवर एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी करते, पीआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्य परवान्याची, वाट बघत. साडेतीन वर्षांत तिची तीन बिऱ्हाडं झाली, हे चौथं.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" भाचीने मोबाइलवरचा हिशेब पुढे केला. "अठराशे गुणिले दहा, भागिले बारा. महिन्याला पंधराशे पडले. नवंकोरं घर जुन्यापेक्षा दोनशेनं स्वस्त."

"आणि तेराव्या महिन्यात?"

"तेराव्या महिन्यात अठराशे."

"कोण म्हणालं?" आत्याने चहाचं आधण ठेवलं. "ती इमारत कधीची? २०२३ ची ना? म्हणजे १५ नोव्हेंबरच्या पलीकडची."

ऑन्टॅरिओ प्रांतात भाड्याचं घर शोधणाऱ्याला एक तारीख पाठ करावी लागते: १५ नोव्हेंबर २०१८. त्या दिवसापर्यंत ज्या जागेत कुणी ना कुणी राहत होतं, तिचं भाडं वर्षातून एकदाच, नव्वद दिवसांची लेखी सूचना देऊन आणि सरकारने ठरवलेल्या टक्क्यांपर्यंतच वाढवता येतं. तो टक्का महागाईवरून ठरतो, पण कायद्याने त्याला अडीचचं झाकण घातलं आहे. २०२१ मध्ये तो शून्य होता, २०२२ मध्ये १.२, पुढची तीन वर्षं २.५ आणि २०२६ मध्ये २.१. ज्या जागेत त्या तारखेनंतर पहिल्यांदा कुणी राहायला आलं, तिला हे झाकण नाही. सूचना नव्वद दिवसांचीच, वाढ वर्षातून एकदाच, पण ती किती असावी याला मर्यादा नाही.

"म्हणजे तुझे दोन महिने फुकट ना, ते पहिल्या वर्षाचे," आत्या म्हणाली. "लीजवर आकडा अठराशेचाच असणार. सातवं कलम बघ, भाड्यातल्या सवलतींचं. ती सवलत तिथे लिहितात आणि मूळ भाडं तसंच राहतं. पुढच्या वर्षी त्यांनी एकवीसशे म्हटलं तर तू काय करणार?"

"घर सोडणार."

"हेच त्यांना माहीत असतं. आणि सामान हलवायचा वैताग कुणालाच नको असतो, हेही."

भाची हसली. "आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूची? दिवाळीला तूच म्हणत होतीस, भाडेनियंत्रणानं घरमालकाची वाट लावली म्हणून."

"म्हणत होते आणि अजून म्हणते. घरमालक म्हणून मला तो कायदा जाचतो. पण आत्या म्हणून सांगते, जुनी इमारत घे."

आत्याची तक्रार ऐकण्यासारखी आहे, कारण ती दोन देशांतल्या अनुभवावर उभी आहे. तिची एक मावशी गिरगावातल्या चाळीत राहायची. मुंबईतली भाडी १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली, ती पुढची पन्नासेक वर्षं. पागडी देऊन आत शिरलेलं कुटुंब तीन पिढ्या तिथेच, भाडं चहाच्या बिलाइतकं, आणि मालक जिन्याची तुटलेली फळीसुद्धा बदलायला तयार नाही. "दर पावसाळ्यात कुठली ना कुठली इमारत खचायची," आत्या म्हणाली. "मालकाला वाईट माणूस ठरवणं सोपं आहे. त्या भाड्यात सिमेंटचं पोतंसुद्धा येत नव्हतं."

इथलं तिचं गणितही त्याच वळणाचं. २०२२ मध्ये कॅनडातली महागाई सरासरी ६.८ टक्के होती, आणि २०२३ साठी मिळालेली भाडेवाढ अडीच टक्के. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात बँक ऑफ कॅनडाने व्याजदर पाव टक्क्यावरून पाचवर नेला. ज्यांच्या गृहकर्जाची मुदत त्या सुमारास नूतनीकरणाला आली, त्यांचा हप्ता एका झटक्यात शेकडो डॉलरांनी वाढला. छपराचं काम, घराचा विमा, मालमत्ता कर, कुठलाच खर्च अडीच टक्क्यांत थांबला नाही. "मोठ्या कंपन्यांची शेकडो घरं असतात, त्यांचं चालून जातं. माझं एक बेसमेंट आहे. भट्टी बिघडली की पाच-सहा हजारांना खड्डा."

"पण गिरगावचा दाखला इथे लागू पडत नाही," भाची म्हणाली. कॉलेजच्या दिवसांत भाडेकरूंसाठी भरवलेल्या माहितीसत्रांना तिने हजेरी लावली होती, आणि आकडे तिच्या जिभेवर असतात. "चाळीतलं भाडं माणूस गेला तरी गोठलेलंच राहायचं. इथे माणूस गेला की गोठणं संपतं. जुना भाडेकरू बाहेर पडला की नव्याकडून मालकाला वाटेल ते मागता येतं."

हे खरं आहे, आणि त्याची तारीख नेमकी आत्याच्या येण्याच्या वर्षातली आहे. ऑन्टॅरिओत भाडेनियंत्रण १९७५ मध्ये आलं. १७ जून १९९८ पासून लागू झालेल्या कायद्याने रिकाम्या झालेल्या घराचं भाडं मोकळं सोडलं. त्या कायद्याचं नाव मात्र 'भाडेकरू संरक्षण कायदा' होतं. १९९१ च्या नोव्हेंबरनंतर बांधलेल्या इमारतींना तर नियंत्रणच नव्हतं. २०१७ मध्ये ती सूट काढली गेली, आणि दीडेक वर्षात, सरकार बदलल्यावर, नव्या इमारतींसाठी नवी तारीख घालून परत आली. आज चालतो तो २००६ चा कायदा, पण रिकाम्या घराचं भाडं मोकळं ठेवायची १९९८ ची तरतूद त्यात कायम आहे.

त्याचा परिणाम कॅनडाच्या गृहकर्ज व गृहनिर्माण महामंडळाच्या पाहणीत स्वच्छ दिसतो. २०२३ मध्ये देशभरात ज्या दोन बेडरूमच्या घरांत भाडेकरू बदलला, तिथलं भाडं सरासरी २४ टक्क्यांनी चढलं. जिथे जुनाच माणूस राहिला, तिथे सहा टक्क्यांपेक्षा कमी.

"म्हणजे कायदा माणसाला राखत नाही, त्याच्या बसून राहण्याला राखतो," भाची म्हणाली. "जो वीस वर्षं हलला नाही त्याची चैन. आणि हलतं कोण? विद्यार्थी. नोकरी बदलणारे. नवरा-बायको वेगळे झाले तर त्यातलं एक. आणि आमच्यासारखे नवे आलेले, ज्यांना हलण्यावाचून गत्यंतरच नाही. तुझ्या बेसमेंटचंच घे ना. ते जोडपं गेलं तेव्हा भाडं किती होतं?"

आत्याने चहा गाळायला घेतला. "एक हजार पन्नास."

"आणि आत्ताच्या ताईंना किती लावलंस?"

"चौदाशे." आत्याने कप पुढे सरकवला. "पण मध्ये काय झालं ते तू विसरतेस."

ते जोडपं २०१९ मध्ये आलं होतं. दोघांना नोकऱ्या, क्रेडिट स्कोअर साडेसातशेच्या वर, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र, सगळं कसं चोख. २०२१ च्या पानगळीत भाडं यायचं थांबलं. आधी कारणं आली, मग कारणंही थांबली. त्यांच्या खोलीतला दिवा रात्री दोनपर्यंत खिडकीतून बर्फावर पडलेला दिसायचा. त्यांच्या हीटिंगचं, पाण्याचं बिल आत्याच भरत होती. पाच महिन्यांनी तिने इथले छोटे घरमालक करतात तेच केलं: दोन हजार डॉलर त्यांच्या हातावर ठेवून किल्ल्या परत घेतल्या. 'कॅश फॉर कीज' म्हणतात त्याला.

"भाडं बुडवलेल्याला वर पैसे दिलेस?" भाचीने हे पूर्वी ऐकलं होतं, तरी तिचा आवाज चढला.

"नोटीस दिली असती, मग अर्ज, मग सुनावणीची वाट. त्या काळात आणखी किती महिन्यांचं भाडं बुडालं असतं? दोन हजार स्वस्त पडले."

आत्याची धास्ती निराधार नव्हती. घरमालक-भाडेकरू तंटे सोडवणाऱ्या प्रांतिक मंडळाचा कारभार ऑन्टॅरिओच्या लोकपालांनी तपासला, आणि मे २०२३ मध्ये अहवाल दिला. ३८ हजारांहून अधिक अर्ज तुंबलेले होते. घरमालकाच्या अर्जावर सुनावणी लागायला सरासरी सात-आठ महिने जात होते. सुधारणेसाठी ६१ शिफारशी कराव्या लागल्या.

"तो अहवाल मीही वाचलाय," भाची म्हणाली. "त्याच अहवालात पुढे असंही आहे की भाडेकरूच्या अर्जाला दोन वर्षंही लागू शकतात. ते कुणी सांगत नाही."

तिची गोष्टही त्याच रांगेतली. आली तेव्हा आत्याच्या घरी मुलगा, सून आणि नवजात नात, त्यामुळे तीन आठवड्यांनी तिने डून भागात कॉलेजजवळ एक खोली घेतली. मालक वरच राहायचा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्याच्याबरोबर सामायिक. थर्मोस्टॅट त्याने सतरावर बांधून ठेवलेला. जानेवारीत तिने तक्रार केली तर आठवड्याभरात खोली सोडायला सांगितलं. १ सप्टेंबर ते १५ जून घरात किमान वीस अंश उष्णता हवी, असा प्रांताचा नियम आहे. पण मालकाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घेणाऱ्याला भाडेकरू कायदा लागूच होत नाही, हे तिला बॅगा भरताना कळलं.

दुसरं घर तिघींत मिळून, एका जुन्या बंगलीचा वरचा मजला. दीड वर्षाने मालकाकडून एन-१२ नावाची नोटीस आली: मुलगा राहायला येणार आहे, साठ दिवसांत जागा रिकामी करा. कायद्याप्रमाणे एक महिन्याचं भाडं भरपाई म्हणून मिळालं. दोन महिन्यांनी तेच घर, तेच पडदे, जाहिरातीत चारशे डॉलर जास्त भाड्याने. मालकाने खोट्या कारणाने बाहेर काढलं असेल तर भाडेकरूला वर्षभरात टी-५ अर्ज करता येतो.

"केलास?"

"तिघी तीन ठिकाणी पांगलो होतो. एक तर कॅलगरीला गेली. दोन वर्षांनी सुनावणीला कोण उभं राहणार होतं? तुला दोन हजार सोडणं परवडलं, आम्हाला भांडण सोडणं परवडलं. एकाच रांगेला घाबरून."

दोघी काही वेळ गप्प होत्या. खिडकीबाहेर बर्फ काढणारी पालिकेची गाडी रस्ता साफ करत गेली आणि जाता जाता ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढिगाचा एक बांध घालून गेली. "झालं, वाढवलं काम," आत्या पुटपुटली. तिने एकदा लीजमध्ये 'बर्फ भाडेकरूने काढावा' असं लिहून घेतलं होतं. २००९ मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने एका घसरून पडलेल्या भाडेकरूच्या खटल्यात निकाल दिला की सामायिक वाटेवरचा बर्फ ही घरमालकाची जबाबदारी, आणि लीजमधल्या एका ओळीने ती भाडेकरूवर ढकलता येत नाही. तसं काम करून घ्यायचं तर त्याचा वेगळा मोबदला ठरवून वेगळा करार हवा. त्यानंतर खोरं आत्याच्याच हातात आलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. किचनर हे टोरांटोपासून शंभरेक किलोमीटरवरचं, २०२१ च्या जनगणनेनुसार अडीच लाखांचं शहर. शेजारचं वॉटर्लू आणि केंब्रिज धरलं तर पावणेसहा लाखांचं. १९१६ पर्यंत त्याचं नाव बर्लिन होतं. महायुद्धात जर्मन नाव नकोसं झालं आणि लॉर्ड किचनरचं लागलं, हिंदुस्थानात सरसेनापती असताना कर्झनशी ज्याचं वाजलं तोच हा किचनर. टोरांटो नाही म्हणजे स्वस्त असेल, अशा समजुतीने माणसं इथे येतात. पण या परिसरात दोन विद्यापीठं आणि एक मोठं कॉलेज आहे. २०२३ मध्ये त्या एका कॉलेजसाठी ३० हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने मंजूर झाले, देशात सर्वाधिक. घरं तेवढ्या वेगाने उभी राहणं शक्य नव्हतं. त्या वर्षी देशभरात भाड्याच्या घरांतली केवळ दीड टक्का घरं रिकामी होती, १९८८ पासूनचा नीचांक. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, आणि पुढे वारं फिरलं. रिकाम्या घरांचं प्रमाण २०२४ मध्ये २.२ आणि २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेलं. टॉवरवाले आज दोन महिने फुकट देतात ते त्यामुळे.

"तेव्हा एका खोलीत तिघी-चौघी कोंबून पैसे केलेल्यांचं आता काय चाललंय?" भाचीने विचारलं.

"रडतायत. डूनमध्ये माझ्या ओळखीच्या एकांनी तीन घरं घेतली होती, सगळी विद्यार्थ्यांच्या जिवावर. आता दोन विकायला काढलीत." आत्याने ते समाधानाने सांगितलं नाही, दुःखानेही नाही. "वॉटर्लूमध्ये तसं घर भाड्याने द्यायचं तर २०१२ पासून पालिकेचं लायसन्स लागतं, खोल्या मोजतात. किचनरला लोक मोकळे सुटले."

मग भाचीने तो प्रश्न विचारला, बहुधा बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला.

"आत्या, मी तुझी भाची नसते आणि २०२२ मध्ये तुझं बेसमेंट बघायला आले असते, तर दिलं असतंस?"

आत्याने रिकाम्या बशा उचलल्या, सिंकमध्ये ठेवल्या, नळ सोडला, बंद केला.

"एकटी मुलगी. इथलं क्रेडिट नाही. पार्टटाइम नोकरी. बापाचा बँक बॅलन्स सांगलीत." ती भाचीकडे वळली. "नसतं दिलं."

"त्यालाच इथे भेदभाव म्हणतात."

शब्द कठोर होता, पण निराधार नव्हता. नव्याने आलेल्या माणसाकडे इथला भाड्याचा किंवा क्रेडिटचा इतिहास नाही, एवढ्यावरून त्याला नाकारू नये, असं ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क संहितेखालचे नियम सांगतात. उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांच्या आतच भाडं बसायला हवं, ही अटही मानवी हक्क आयोगाला मान्य नाही. भाड्याची अनामत म्हणून घेता येतं ते फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं, आणि त्यावर दरवर्षी व्याज द्यावं लागतं. मोडतोडीची अनामत घेणं बेकायदा. पोस्टडेटेड चेकची सक्तीही बेकायदा. पण घर बघायला रांगेत पंधरा जण उभे असतात तेव्हा मालक काहीही न बोलता पंधरातून एक निवडतो आणि उरलेल्या चौदांना कारण कळत नाही. त्या रांगेत भाचीने एका मुलाला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ करताना ऐकलं होतं. मालकाने मागितलं नव्हतं. मुलाला मालक काय विचारणार हे माहीत होतं.

"पुण्यात तर सरळ तोंडावर सांगतात," आत्या म्हणाली. "बॅचलर नको, नॉनव्हेज नको. अकरा महिन्यांचा करार, एजंटला एक महिन्याचं भाडं, मग बाहेर."

"म्हणून इथे गप्प राहून केलं तर चालतं?"

"चालतं असं म्हणत नाही. भीती वाटते असं म्हणते." आत्या परत येऊन बसली. "आणि गंमत ऐक. ज्यांचे कागद चोख होते त्यांनी बुडवलं. आत्ताच्या ताई आल्या तेव्हा केरळहून येऊन चार महिने झाले होते. वृद्धाश्रमात रात्रपाळी. क्रेडिट कोरं. त्याआधीचे दोघे आयत्या वेळी नाही म्हणाले म्हणून त्यांना दिलं, नाही तर माझ्या यादीत त्या शेवटच्या होत्या. चार वर्षं व्हायला आली, एक तारखेला सकाळी सातच्या आत ई-ट्रान्सफर येतो."

भाचीने यावर काही टोमणा मारला नाही. तिने दोन्ही लीजचे कागद परत ओढले.

ऑन्टॅरिओत ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांसाठी एकच सरकारी लीज-नमुना सक्तीचा आहे. इंग्रजी त्यातल्या त्यात सोपं, कलमं मोजकी. पंधरावं कलम 'ज्यादा अटी' या नावाचं, आणि घोळ असेल तर तिथेच असतो. कायद्याविरुद्धची अट तिथे लिहिली आणि खाली दोघांनी सही केली तरी ती पोकळच. कुठल्या अटी चालणार नाहीत याची उदाहरणंही तिथेच छापलेली आहेत. दोघींनी कागद शेजारी-शेजारी ठेवून खर्च मांडला. जुन्या घरात हीटिंग भाड्यात, फक्त 'हायड्रो' वेगळा. वीजबिलाला इथे हायड्रो म्हणतात, कारण वीज मुळात पाण्यावरची: ११ ऑक्टोबर १९१० रोजी नायगाराच्या पाण्यावरची वीज मोठ्या समारंभाने इथे, तेव्हाच्या बर्लिनमध्ये, पहिल्यांदा पेटली. टॉवरमध्ये मात्र वीज, पाणी, हीटिंग सगळ्यांना वेगळं मीटर. पार्किंग हवं तर त्याचे आणखी. पंधराशेचा आकडा सोळाशे ऐंशीवर गेला.

"तरी निदान वीस डॉलरनं स्वस्तच," भाची म्हणाली. "आणि खरं सांगू? मला तिथे किती दिवस राहायचंय कुणाला ठाऊक. पीआर झालं, दुसरीकडे नोकरी लागली, की निघाले. जो राहणार त्याला भाडेनियंत्रण. मी राहणारच नसेन तर जुन्या कपाटांचा जुलूम कशाला?"

"पीआर कधी होईल ते तुला माहिती आहे?"

"नाही."

"मग त्या ऑफिसला फोन लाव. शनिवारी चालू असतं. म्हणावं, दुसऱ्या वर्षी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवणार नाही, असं पंधराव्या कलमात लिहून द्या. त्यांना लिहायला कायद्याची आडकाठी नाही."

भाचीने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. फार वाढवत नाहीत साधारणपणे. बाजार बघून ठरतं. जुन्या रहिवाशांचा आम्ही विचार करतो. पण लेखी देता येणार नाही, तशी पॉलिसी नाही. मार्चपूर्वी सही केली तर लॉकर मात्र वर्षभर मोफत देऊ.

फोन ठेवल्यावर भाचीने आत्याकडे पाहिलं. "तू दिलं असतंस लिहून?"

"मला कुणी विचारायचा प्रश्नच येत नाही. माझं बेसमेंट २००५ चं."

"पण विचारलं असतं तर?"

"नसतं दिलं," आत्या दुसऱ्यांदा म्हणाली, आणि यावेळी दोघीही हसल्या.

फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक फॉर्म लटकत होता. एन-१, भाडेवाढीची सूचना. खालच्या ताईंचं भाडं १ जूनपासून वाढवायचं तर ३ मार्चपर्यंत तो त्यांच्या हातात पडायला हवा. भाचीने तो काढून घेतला आणि मोबाइलवर गुणाकार केला. २०२२ चे चौदाशे, तीनदा अडीच टक्के, आता १,५०७ डॉलर ६५ सेंट. त्यावर २.१ टक्के म्हणजे ३१ डॉलर ६६ सेंट.

"एक हजार पाचशे एकोणचाळीस, एकतीस सेंट," तिने आकडा लिहून फॉर्म सरकवला. "माझ्या १९७४ च्या इमारतीत पुढल्या वर्षी साधारण एवढंच चढेल, नाही?"

"टक्का अजून ठरायचाय. पण अडीचच्या वर नाही."

भाचीने जुन्या इमारतीचा कागद वर ठेवला, टॉवरचा त्याखाली. फाडला नाही. मग कोट चढवला, दारामागचं खोरं घेतलं आणि बाहेर पडली.

आत्या फॉर्म वाचत बसली. सहीच्या जागी तारीख घालायची होती. खिडकीतून दिसलं, रात्रपाळी संपवून खालच्या ताई बसस्टॉपवरून येत होत्या. ड्राइव्हवेच्या तोंडाशी घातलेल्या ढिगापाशी त्या थांबल्या, भाचीशी दोन शब्द बोलल्या, आणि गॅरेजच्या भिंतीला टेकवलेलं दुसरं खोरं उचललं.

आत्याने लगबगीने खिडकी फटभर उघडली. "अगं, त्यांना सांग, राहू दे! ते माझं काम आहे!"

दोन्ही खोरी चालूच राहिली. आत्याने पेन फॉर्मवर ठेवलं, चपला काढून बूट चढवले आणि आणखी एका कपाचं आधण टाकून बाहेर गेली.